पीटरचे मस्तक कोणी घडविले?



रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात, नेवा नदीच्या काठी, पीटर दि ग्रेट या बादशहाचा अश्वारूढ पुतळा आहे. कड्याच्या टोकाशी येऊन घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला आहे, त्याच्या खुरांखाली साप चिरडला गेला आहे, आणि स्वाराने आपला उजवा हात नदीकडे पसरला आहे. पुश्किनने १८३३ साली या पुतळ्यावर काव्य लिहिले, तेव्हापासून 'ब्राँझचा घोडेस्वार' हेच त्याचे नाव जगभर झाले. (मूळ रशियन शब्दाचा सरळ अर्थ 'तांब्याचा घोडेस्वार' असा आहे, पण तो भाग सोडून देऊ.) चौथऱ्याच्या एका अंगास लॅटिनमध्ये आणि दुसऱ्या अंगास रशियनमध्ये एवढेच लिहिले आहे: पहिल्या पीटरास दुसरी कॅथरिन, १७८२.

ज्याचा पुतळा त्याचे नाव आहे, जिने पैसा पुरविला तिचे नाव आहे. ज्याने घडविला त्याचे नाव पाहायचे असेल तर मात्र शिडी लावून वर चढावे लागेल. स्वाराच्या झग्याच्या एका घडीत, पॅरिसच्या एतिएन फाल्कोने याने १७७८ साली हे घडविले व ओतले, असा मजकूर आहे. बारा वर्षे एका कामात घालविलेल्या माणसाचे नाव झग्याच्या घडीत! पण आज मला ज्या व्यक्तीविषयी बोलायचे आहे तिचे नाव त्या घडीतही नाही. या पुतळ्याचे मस्तक, म्हणजे ज्यामुळे तो पीटरचा पुतळा ठरतो तो चेहरा, फाल्कोनेने घडविलेला नाही. तो त्याच्या एका शिष्येने घडविला. तिचे नाव मारी-आन कोलो, आणि त्या वेळी ती जेमतेम विशीची होती.

ही मुलगी पॅरिसमध्ये १७४८ साली जन्मली. घरची स्थिती सामान्य. पंधराव्या वर्षाच्या सुमारास ती लमॉयन नावाच्या नामवंत शिल्पकाराच्या कर्मशाळेत गेली आणि तेथून फाल्कोनेच्या हाताखाली आली. स्त्रीने चित्रकला शिकावी, हे त्या काळच्या पॅरिसमध्ये अगदीच अनोळखी नव्हते. रंगाचा हात नाजूक, बसून करण्याचे काम. घरंदाज मुलींनाही ते शोभे. शिल्पकलेची गोष्ट निराळी. तेथे चिखल तुडवायचा, दगडाची धूळ छातीत घ्यायची, छिन्नी-हातोड्याने तळहाताला घट्टे पाडून घ्यायचे. या धंद्यात उतरलेली स्त्री हाताच्या बोटांवर मोजावी इतकी दुर्मीळ. त्यातून कोलोने विषय निवडला तो माणसाच्या चेहऱ्याचा. मोठमोठे पौराणिक प्रसंग, देवदेवतांचे समूह यांच्या वाटेला ती गेली नाही. समोर माणूस बसवावा, मातीचा गोळा हाती घ्यावा, आणि तो माणूस त्या मातीत उतरवावा, एवढेच तिचे काम. फाल्कोनेच्या मित्रमंडळीत तिला लाडाने 'व्हिक्तॉयर' म्हणत; व्हिक्तॉयर म्हणजे विजया.

तिच्या हाताविषयी पहिली साक्ष मिळते ती साध्यासुध्या माणसाची नव्हे. विश्वकोशकार दिदरो हा फाल्कोनेचा स्नेही. फाल्कोनेने पूर्वी त्याचा अर्धपुतळा केला होता. पुढे कोलोने केला. गुरूने शिष्येचे काम पाहिले, हातोडा उचलला आणि आपला अर्धपुतळा स्वतःच्या हाताने फोडून टाकला. हे दिदरोनेच लिहून ठेवले आहे, आणि त्याला पुस्ती जोडली आहे ती खास त्याच्या स्वभावाची. फाल्कोनेच्या पुतळ्यावर एक टोप होता; तो फुटताच त्याखाली दडलेले दोन सुरेख कान अखंड बाहेर निघाले, म्हणून दिदरोला मोठी मौज वाटली! कोलोने काही केले की 'यात गुरूचा हात असणार' असे म्हणणारे लोक तेव्हाही होते, पुढेही झाले. त्यांना मी एवढेच विचारीन, की गुरूने आपलाच हात आपल्याच हाताने का फोडावा?

आता ही दोघे रशियात कशी गेली ते पाहू.

कॅथरिन ही जन्माने जर्मन राजकन्या. १७६२ साली नवऱ्याला पदच्युत करून ती रशियाच्या गादीवर बसली. पीटरच्या घराण्याशी तिचे रक्ताचे नाते काही नव्हते. अशा बाईला आपण पीटरच्या खऱ्या वारस आहोत हे लोकांना दाखविण्याची गरज फार. पीटरचा भव्य पुतळा उभारणे हा त्यावर उत्तम उपाय. आणि चौथऱ्यावरील चार शब्दांत 'पहिला' आणि 'दुसरी' ही जोडी कशी बेमालूम बसविली आहे पाहा! शिल्पकाराचा शोध सुरू झाला. पॅरिसमधील रशियन राजदूत गोलित्सिन याला दिदरोने फाल्कोनेचे नाव सुचविले. दिदरो कॅथरिनच्या मर्जीतला. आदल्याच वर्षी तिने त्याचा ग्रंथसंग्रह १५,००० लिव्र, म्हणजे त्या वेळचे फ्रेंच नाणे, देऊन विकत घेतला होता आणि तो त्याच्याच घरी ठेवून त्यालाच त्याचा पगारी ग्रंथपाल नेमले होते.

फाल्कोने तेव्हा पन्नाशीला टेकलेला. सुताराचा मुलगा, विचारी आणि वादप्रिय. सेव्र येथील चिनी मातीच्या राजकीय कारखान्यात शिल्पविभागाचा तो प्रमुख होता. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत मांडायच्या वीतभर मूर्तींचे नमुने तो करीत असे, आणि मनात मात्र काहीतरी प्रचंड करण्याची तळमळ. आठ वर्षांच्या मुदतीसाठी त्याला तीन लाख लिव्र देऊ केले असता त्याने दोनच लाख घेतले. १७६६ च्या सप्टेंबरात तो पॅरिसहून निघाला. बरोबर अठरा वर्षांची कोलो. (आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे राज्य करीत होते, म्हणजे काळाचा अंदाज येईल.) लोकांनी जे बोलायचे ते बोलून घेतले. आजही काही लेखक त्या नात्याविषयीच अधिक लिहितात आणि कामाविषयी कमी. मला त्यात शिरण्याचे कारण दिसत नाही. आपला देश, आपली भाषा सोडून हजारो मैलांवरच्या थंडीत जायला ही मुलगी तयार झाली, त्याचे एक साधे कारण पुरेसे आहे: तेथे काम होते.

आणि काम तिला खरोखर मिळाले. पोचून तीन महिने झाले नाहीत तोच, १७६७ च्या जानेवारीत, पीटर्सबर्गच्या राजकीय कला अकादमीने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळविणारी ती तेथील पहिलीच स्त्री. पॅरिसच्या अकादमीची गोष्ट पाहा. तेथे १७७० साली ठरावच झाला, की एका वेळी चारांहून अधिक स्त्री-सभासद असू नयेत. कॅथरिनने कोलोकडून स्वतःचे अर्धपुतळे करवून घेतले, दिदरोचा संगमरवरी करविला, व्हॉल्टेअरचा करविला, फ्रान्सचा जुना राजा चौथा हेन्री आणि त्याचा मंत्री सुली यांचे करविले. इंग्रज राजदूत लॉर्ड कॅथकार्ट याच्या मुलीचा चेहरा तिने केला. जिवंत माणूस समोर असो, वा केवळ चित्रे व साचे असोत, त्यातून चेहरा उभा करण्याची सवय तिला या कामांनी लागली. पुढच्या प्रसंगी तीच उपयोगी पडली.

तो प्रसंग असा. फाल्कोनेने पुतळ्याची कल्पना स्वतंत्र बुद्धीने केली होती. रोममधील मार्कस ऑरेलियसचा प्राचीन पुतळा म्हणजे सर्व अश्वारूढ पुतळ्यांचा मूळपुरुष. पण फाल्कोनेचे त्याविषयी मत असे, की त्यातला घोडा घोड्यासारखा चालतच नाही. त्यावर त्याने एक निबंधही छापला. आपला घोडा खरा व्हावा म्हणून त्याने कड्याच्या उताराचा एक उंचवटा बांधून घेतला, कॅथरिनच्या तबेल्यातील 'ब्रिलियंट' आणि 'कॅप्रिस' हे दोन घोडे मागविले, आणि स्वाराकरवी त्यांना पुनःपुन्हा त्या उंचवट्यावर दौडत आणून टोकाशी उभे करविले. घोडा दोन पायांवर उभा राहतो तो किती वेळ? क्षणभर. तेवढ्यात जे दिसेल ते टिपायचे. असे दिवसेंदिवस चालले. घोडा झाला, आणि तो इतका जिवंत झाला की आजही पाहणारा दचकतो.

पण स्वाराला उंचवट्यावर कोण आणणार? पीटर १७२५ सालीच वारला होता. त्याच्या चेहऱ्याची चित्रे होती. रास्त्रेल्ली नावाच्या इटालियन शिल्पकाराने, पीटर जिवंत असतानाच त्याच्या चेहऱ्याचा साचाही घेतला होता. सामग्रीला तोटा नव्हता. मात्र साच्यातून जे मिळते ते नाक-कपाळाचे माप. नजर त्यातून मिळत नाही, कारण साचा घेताना माणसाला डोळे मिटावे लागतात. फाल्कोनेने मस्तक केले, ते पसंत पडले नाही. पुन्हा केले. तीनदा केले आणि तीनदा ते नापसंत झाले, असे परंपरा सांगते. शेवटी कोलोने केले, आणि तेच पुतळ्यावर चढले.

त्या चेहऱ्याकडे नीट पाहावे. डोळे मोठे, सताड उघडे, भुवया जड, मिशा किंचित वर वळलेल्या, केसांवर विजयाची माळ. राग आहे, परंतु तो कोणा एकावर नाही. दूर कुठेतरी पाहणाऱ्या आणि जवळच्या माणसांची फारशी पर्वा नसणाऱ्या माणसाचा तो चेहरा आहे. या पुतळ्याकडे पाहून कित्येकांना आदर वाटला आणि कित्येकांना भय. दोन्हींचे मूळ त्या नजरेत आहे. फाल्कोने कल्पनेचा राजा होता. आधी विचार करावा आणि मग त्या विचाराला आकार द्यावा, ही त्याची रीत, आणि विचारातून चेहरा होत नाही. कोलो आधी चेहऱ्याकडे पाही. माझ्या मते तिच्या यशाचे कारण एवढेच आहे.

लोकांनी याची एक गोष्ट बनविली आहे. म्हणे, गुरू निराश होऊन झोपला असता शिष्येने एका रात्रीत मस्तक घडविले आणि सकाळी त्याच्यापुढे ठेवले. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही, आणि आवडतही नाही. एका रात्रीत झाले म्हटले की ते दैवी कृपेने झाले असे होते. मग त्यामागची कैक वर्षे, मातीचे शेकडो गोळे आणि मोडलेले नमुने सगळे पुसले जातात. पुरुषाने केले तर साधना आणि स्त्रीने केले तर चमत्कार, हा कुठला न्याय?

एका बाबतीत मात्र फाल्कोनेचे ऋण मानले पाहिजे. हे मस्तक आपले नव्हे, कोलोचे आहे, हे त्याने कधीही लपविले नाही. कॅथरिनला कळविले आणि पुढे स्वतःच्या छापील लेखांतही लिहिले. कॅथरिननेही कोलोला दरसाल १०,००० लिव्रचे आजीव वर्षासन करून दिले. आज आपल्याला कर्तीचे नाव माहीत आहे ते मुख्यतः गुरूच्या या सचोटीमुळे.

ही सचोटी सोडली तर माणूस फार अवघड होता. पुतळ्याच्या कामावर बेत्स्कोय नावाचा एक वृद्ध दरबारी देखरेखीस होता. पीटरचा उजवा डोळा आरमाराच्या कचेरीकडे आणि डावा सरकारी खात्यांच्या इमारतीकडे वळलेला असावा, अशी त्याची सूचना! पुतळा काणा होईल याची त्या गृहस्थाला काळजी नव्हती. फाल्कोनेने ही सूचना कॅथरिनला कळविली, तेव्हा तीही हसली. पण बेत्स्कोयशी त्याचे जे बिनसले ते कायमचे. १७७३ साली दिदरो स्वतः पीटर्सबर्गला आला. जुन्या मित्राच्या घरी उतरण्याच्या अपेक्षेने तो दारात उभा राहिला, आणि फाल्कोनेने सांगितले, की माझा मुलगा आला आहे, तुमची खोली त्याला दिली आहे. प्रवासाने आजारी पडलेल्या दिदरोला दुसरीकडे आसरा शोधावा लागला. पुढे ती मैत्री पूर्वीची राहिली नाही.

त्याच वर्षी कॅथरिनच्या आज्ञेवरून कोलोने आपल्या गुरूचा संगमरवरी अर्धपुतळा केला. तो हर्मिटेज संग्रहालयात आहे. टोप नाही, दरबारी पोशाख नाही. टक्कल पडत चाललेले डोके, कपाळावर आठ्या, आणि ओठांच्या कडेला अर्धवट हसू. समोरच्याचे बोलणे ऐकतो आहे आणि आता त्यावर काहीतरी झोंबणारे बोलणार आहे, असा तो माणूस. इतके प्रेम आणि इतकी स्पष्ट नजर एकाच दगडात क्वचितच उतरते. मला विचाराल तर पीटरच्या मस्तकापेक्षाही हे तिचे काम मोठे आहे.

पुतळ्याखालच्या दगडाची कथा पीटर्सबर्गचे लोक आवडीने सांगतात, ती थोडक्यात सांगतो. लाख्ता गावाजवळच्या दलदलीत सुमारे दीड हजार टनांचा एक प्रचंड खडक सापडला. तांब्याचे पत्रे ठोकलेल्या पन्हळींमध्ये ब्राँझचे गोळे घालून, त्यांवरून तो १७६९-७० च्या हिवाळ्यात, जमीन गोठून टणक झाली असता, सुमारे चारशे माणसांनी समुद्रापर्यंत ओढत आणला. कॅथरिन स्वतः पाहायला गेली आणि या पराक्रमाचे पदकही तिने पाडले. पण खरा जीवघेणा प्रसंग आला तो ओतकामाच्या वेळी, १७७५ साली. बाहेरून आलेला कुशल ओतारी निघून गेला होता, म्हणून फाल्कोनेने ते कामही अंगावर घेतले. घोडा दोन पायांवर तोलायचा, तेव्हा पुढची बाजू पातळ आणि मागची जाड ओतली पाहिजे. भट्टीतला रस साच्यात सोडला असता एक नळी फुटली, जमिनीवर रस वाहू लागला, आग लागली. सगळे पळाले. खैलोव नावाचा रशियन ओतारी तेवढा जागचा हलला नाही. अंगावर भाजत असताना त्याने ओली माती थापून फट बुजविली आणि काम वाचविले. तरी वरचा भाग बिघडला, आणि तो १७७७ मध्ये पुन्हा ओतावा लागला. म्हणजे ज्या चेहऱ्यासाठी एवढे झाले त्याचा बराच भरवसा शेवटी या खैलोववर होता. त्याचे नाव तर आपल्याकडे कोणीच घेत नाही.

एव्हाना कॅथरिनचे मन उडाले होते. पूर्वी लांबलचक पत्रे लिहिणारी ती फाल्कोनेच्या पत्रांना उत्तरही देईना. १७७८ साली, पुतळा उभा राहण्यापूर्वीच, तो रशिया सोडून गेला. १७८२ च्या ७ ऑगस्टला मोठ्या समारंभाने पडदा दूर झाला, त्या समारंभास ना गुरू हजर होता, ना शिष्या. आपल्याकडे सालबाईचा तह झाला त्याच वर्षीची ही गोष्ट. समारंभाची पदके मागाहून फाल्कोनेकडे पाठविण्यात आली.

कोलोचे पुढे काय झाले? १७७७ साली तिने फाल्कोनेच्या मुलाशी, म्हणजे ज्याच्यासाठी दिदरोची खोली गेली त्याच चित्रकाराशी, लग्न केले. मुलगी झाली. नवरा मारझोड करणारा निघाला, आणि ती मुलीला घेऊन वेगळी झाली. सासऱ्याने सुनेची बाजू घेतली. ती त्याच्याबरोबर हॉलंडमध्ये हेग येथे राहिली आणि १७८२ साली तेथील राज्यकर्ता पाचवा विल्यम व त्याची पत्नी विल्हेल्मिना यांचे अर्धपुतळे तिने केले. तिची आपल्याला माहीत असलेली ही अखेरची कामे. तिचे वय तेव्हा चौतीस.

१७८३ च्या मे महिन्यात फाल्कोने इटलीला निघण्याच्या बेतात होता. ज्या देशाच्या शिल्पांवर त्याने आयुष्यभर टीका केली तो देश त्याने कधी पाहिलेलाच नव्हता. आता सहासष्टाव्या वर्षी पाहायला निघाला, आणि अर्धांगाच्या झटक्याने अंथरुणाला खिळला. जवळजवळ आठ वर्षे तो तसाच होता. कोलोने त्याची शुश्रूषा केली. १७९१ च्या जानेवारीत तो वारला; तिचा नवराही त्याच वर्षी गेला.

तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक येथे थांबून तिच्या गुरुभक्तीचे गोडवे गातात. भक्ती होती यात शंका नाही. पण छिन्नी खाली ठेवण्याला तेवढे एकच कारण असेल असे मला वाटत नाही. शिल्पकाराला दगड लागतो, मदतनीस लागतात, जागा लागते आणि विकत घेणारा लागतो. पीटर्सबर्गमध्ये हे सारे एका बादशाहिणीच्या इच्छेने मिळत होते. पॅरिसमध्ये परतलेल्या बाईजवळ होते काय? एक लहान मुलगी, एक लुळा म्हातारा, आणि परदेशात मिळविलेली कीर्ती, जी गावात कोणी पाहिलेली नव्हती. तिची सर्वोत्तम कामे रशियातच राहिली होती. पुढे राज्यक्रांती झाली, आणि अर्धपुतळे करवून घेणारी मंडळीच देशोधडीला लागली.

ती लोरेन प्रांतात गेली, मारिमाँ येथे तिने जमीनजुमला घेतला, आणि शेतीवाडी पाहत तीस वर्षे काढली. १८२१ साली नान्सी शहरी तिचा अंत झाला. आईची व फाल्कोनेची जी कामे आणि कागदपत्रे घरात राहिली होती, ती तिच्या मुलीने नान्सीच्या संग्रहालयास दिली. कॅथरिन आणि फाल्कोने यांचा पत्रव्यवहारही त्यात होता.

पीटरचा पुतळा आहे तेथेच आहे. १९४१ साली जर्मन सैन्याने त्या शहरास, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडला, वेढा घातला, तेव्हा लोकांनी पुतळ्याभोवती वाळूची पोती रचली आणि वरून फळ्या ठोकल्या. वेढा सुमारे नऊशे दिवस चालला. तो उठल्यावर फळ्या काढल्या, तेव्हा त्या मुलीने घडविलेला चेहरा जसाच्या तसा होता, नदीपलीकडे पाहत.